रुळाची सोनोग्राफी : नांदेड–सिकंदराबाद मार्गावर लोखंडाच्या पोटातली भेग कशी शोधतात?

नांदेड / हैदराबाद : डिसेंबर-जानेवारीतली पहाट. मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर, निजामाबाद करत गाडी हैदराबादकडे निघालेली असते. डब्यात माणसं चादर ओढून झोपलेली. कुणी दवाखान्याला निघालंय, कुणी कामावर, कुणी लेकीच्या घरी. त्याच वेळी बाहेर गारठ्यात एक माणूस हातोडा आणि पाना घेऊन रुळाच्या कडेनं चालत असतो. तो कीमन. आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी बघायचा, ही त्याची नोकरी.

हिवाळ्यात ही नजर जास्त लागते. थंडीत लोखंड आकसतं. पण आताचे रूळ लांबच्या लांब जोडलेले असतात, आकसायला जागाच नसते. त्यामुळे रूळ आतून ताणला जातो. पोटात आधीच एखादी भेग असेल, तर या ताणानं ती उघडते आणि वरून गाडीचं वजन पडलं की रूळ तुटतो. म्हणूनच थंडीच्या दिवसांत रात्रीची जादा गस्त घालतात.

पण कीमनला दिसते ती वरची भेग. आतली दिसत नाही. ती शोधायला दुसरी पद्धत लागते : अल्ट्रासोनिक तपासणी. सीमाभागातली हजारो माणसं ज्या हैदराबादला रोज ये-जा करतात, त्या शहराच्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांतही हेच तंत्र वापरलं जातं. ते चालतं कसं आणि कुठे कमी पडतं, हे समजून घेऊ.

वाजवून बघायची जुनी सवय

वस्तू न फोडता आतून कशी आहे हे बघणं, म्हणजे विनाविध्वंस चाचणी. कारखान्यात तिला एनडीटी म्हणतात. नाव नवं असलं तरी सवय जुनी आहे. बाजारात बाई मडकं घेते, तेव्हा बोटाच्या गाठीनं ठोकून बघते. खणखणलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडा. नारळ, कलिंगड आणि जुना चांदीचा रुपया आपण असाच पारखत आलो.

रेल्वेतही हेच चालायचं. पूर्णा, परभणी, मनमाडसारख्या जंक्शनवर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस चाकं ठोकत जायचा. जुन्या प्रवाशांना तो आवाज आठवत असेल. चाकाचा आवाज बदलला, की काहीतरी बिघडलंय हे त्याला कळायचं.

अडचण एवढीच, की कानाला मोठी भेग कळते, बारीक कळत नाही. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या लहरी लोखंडात इतक्या लांबलचक असतात, की चार-पाच मिलिमीटरची भेग त्यांच्या हिशेबात येतच नाही. बारीक वस्तू शोधायची तर लहरही बारीक हवी.

अल्ट्रासोनिक म्हणजे काय?

२०,००० हर्ट्झच्या वरचा, कानाला न ऐकू येणारा आवाज म्हणजे अल्ट्रासोनिक. दवाखान्यातली सोनोग्राफी याच तत्त्वावर चालते. रुळाच्या तपासणीत साधारण २ ते ४ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० ते ४० लाख कंपनं वापरतात. पोलादात ४ मेगाहर्ट्झच्या सरळ लहरीची लांबी जेमतेम दीड मिलिमीटर भरते. त्यामुळे बारीक भेगही तिच्या वाटेत आडवी येते.

हा आवाज तयार करायला विशिष्ट स्फटिक लागतो. विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि थरथर परत आली की वीज देतो. म्हणजे तोच बोलतो आणि तोच ऐकतो. स्फटिक दाबला की त्यात वीज तयार होते, हा गुण १८८० मध्ये फ्रान्समधल्या जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिला होता. धातूतले दोष शोधण्यासाठी हा आवाज वापरता येईल, असं रशियाच्या सोकोलोव्ह यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत फायरस्टोन यांनी प्रतिध्वनीवर चालणारं यंत्र तयार केलं.

आता हिशेब बघा. पोलादात सरळ जाणारा आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. ६० किलोचा रूळ (म्हणजे मीटरला ६० किलो वजनाचा) १७२ मिलिमीटर उंच असतो. वरून सोडलेला आवाज तळाला आपटून परत यायला सुमारे ५८ मायक्रोसेकंद घेतो. सेकंदाचे सतरा हजार भाग केले, तर त्यातला एक भाग. रूळ आतून चांगला असेल तर पडद्यावर तळाची उडी नेमकी त्याच जागी दिसते. समजा, मध्येच २० मायक्रोसेकंदांवर एक उडी आली. याचा अर्थ ५९ मिलिमीटर खोलीवर काहीतरी आहे. आणि तळाची उडीच गायब झाली, तर आवाज वाटेत कुठेतरी अडला किंवा भरकटला.

सोनोग्राफीच्या आधी पोटाला गार जेल लावतात, ते कशासाठी? इतक्या बारीक लहरींना हवा ओलांडता येत नाही. मध्ये हवेचा पातळ थर आला तरी त्या जवळपास पूर्ण मागे फिरतात. म्हणून तिथे जेल आणि रुळावर पाणी. गंमत अशी, की भेग सापडते तीही याच गुणामुळे. भेगेत हवा असते आणि तिथून लहर परत फिरते. बाहेर जी हवा आडवी येते, तीच आत चोर पकडून देते.

रुळावर प्रत्यक्ष काम कसं होतं?

रुळावरून हातानं ढकलायची छोटी ट्रॉली असते. तिच्यावर पाण्याची टाकी आणि यंत्र, खाली रुळाला टेकलेले प्रोब. तीन-चार जणांची टोळी चालत जाते. एक जण पडद्यावरून नजर हटवत नाही, बाकीचे ढकलतात, पाणी बघतात आणि गाडीवर लक्ष ठेवतात. ऊन असो की गारठा, काम पायीच. रेल्वेकडे यंत्र बसवलेल्या तपासणी गाड्याही आहेत, पण त्यांनी दाखवलेली जागा शेवटी माणसालाच जाऊन बघावी लागते.

एकच प्रोब पुरत नाही. रुळाच्या डोक्यातली धोकादायक भेग बहुतेक आडवी छेद देणारी आणि उभ्या रेषेपासून थोडी कललेली असते. सरळ खाली सोडलेला आवाज तिच्या बाजूनं निसटून जातो. विळ्याची धार समोरून बघितली तर रेघच दिसते, तसं. म्हणून ७० अंशांत तिरका आवाज सोडणारे प्रोब असतात. एक पुढे बघतो, एक मागे. तिरका आवाज भेगेच्या तोंडावर आपटतो आणि परत येतो.

काम सुरू करण्याआधी यंत्र ठरावीक मापाची छिद्रं पाडलेल्या नमुना रुळावर जुळवून घ्यावं लागतं. काट्यावर माल तोलण्याआधी वजन ठेवून काटा तपासतात, तसंच हे. काटाच चुकला तर पुढचा सगळा हिशेब चुकला.

वाहतूक जास्त तशी तपासणी वारंवार. मार्गावरून वर्षाला किती टन वजन गेलं, यावर दोन तपासण्यांमधलं अंतर ठरतं. अतिव्यस्त मार्गावर महिन्या-दोन महिन्यांनी पाळी येते, अगदी कमी वाहतुकीच्या मार्गावर वर्ष-दोन वर्षांनी. जागेवर थर्मिट पद्धतीनं केलेले जोड वेगळे, हातातल्या प्रोबनं तपासतात, कारण कारखान्यातल्या जोडापेक्षा तिथे दोष राहण्याची शक्यता जास्त असते.

भेग सापडली, पुढे काय?

रेल्वेची नियमावली लखनौची आरडीएसओ ही संस्था तयार करते. दोषाचे मुख्य दोन वर्ग आहेत. तातडीनं काढायचा रूळ तो ‘आयएमआर’ आणि लक्ष ठेवायचा तो ‘ओबीएस’. आयएमआर असेल तर रुळावर लाल रंगाच्या तीन फुल्या मारतात, ओबीएस असेल तर एक. प्लॅटफॉर्मवर उभं असताना रुळाच्या कुशीवर लाल फुल्या दिसल्या, तर त्याचा अर्थ हा.

आयएमआर निघाला की त्या जागी गाडीचा वेग ताबडतोब ताशी ३० किलोमीटर किंवा त्याहून कमी करतात. लोको पायलटला तशी ‘काशन’ मिळते. २४ तासांत दोन्ही बाजूंनी खास फिशप्लेट आवळून जागा बांधायची आणि तीन दिवसांत रूळ बदलायचा. हिशेबाच्या भाषेत सांगायचं, तर तपासणी म्हणजे ऑडिट. ऑडिटरनं शेरा मारला म्हणून चूक दुरुस्त होत नाही. कुणीतरी वहीत जाऊन ती दुरुस्त करावी लागते.

गाडी एखाद्या ठिकाणी कारण नसताना रांगायला लागली, की प्रवासी वैतागतात. कधी कधी त्या पाच मिनिटांमागे अशीच लाल फुली असते.

शोधूनही न बदललेला रूळ

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला हॅटफिल्ड इथे १७ ऑक्टोबर २००० रोजी गाडी घसरली आणि चार प्रवासी मेले. चाकाच्या घर्षणानं रुळात भेगा पडल्या होत्या. रूळ खराब आहे हे आधीच माहीत होतं. बदलायचा नवा रूळ आणूनही ठेवला होता, पण तो बसवला गेला नाही. गाडी गेली तेव्हा जुन्या रुळाचे तुकडे तुकडे झाले.

आपल्याकडे २६ नोव्हेंबर १९९८ ची पहाट पंजाबमधल्या खन्नाजवळ काळ बनून आली. रूळ तुटल्यानं फ्रंटियर गोल्डन टेम्पल मेलचे डबे घसरले आणि समोरून येणारी सियालदह एक्सप्रेस त्यांवर आदळली. दोनशेहून अधिक माणसं गेली. तेही थंडीचे दिवस होते.

त्यानंतर रूळ आणि जोड सुधारले, यंत्रं बदलली, तपासण्या वाढल्या. गेल्या दशकभरात रूळ आणि जोड तुटण्याच्या घटना बऱ्याच कमी झाल्याचं रेल्वे सांगते. पण ट्रॉलीच्याही मर्यादा आहेत. रुळाच्या पायाच्या दोन्ही बाहेरच्या कडा तिला दिसत नाहीत, कारण वरून सोडलेला आवाज मधल्या पातळ भागातून सरळ खाली जातो. तळाशी गंज खाल्लेला असेल तर तो डोळ्यांनीच बघावा लागतो. रुळाच्या माथ्यावर ग्रीस, माती किंवा बारीक खपल्या असतील तर आवाज आत शिरत नाही. टाकीतलं पाणी संपलं तरी ट्रॉली पुढे जाते, तपासणी मात्र होत नाही. आणि दिवसभर पडद्याकडे बघून डोळे थकलेल्या माणसाची एक उडी नजरेतून सुटू शकते. म्हणून यंत्र कितीही चांगलं असलं, तरी कीमनचं चालणं थांबलेलं नाही.

हैदराबादचा संबंध काय?

पहिला संबंध थेट आहे. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो आणि तिचं मुख्यालय सिकंदराबादला आहे. आदिलाबाद, किनवट, नांदेड, परभणी इथल्या रुळांची मोठी कामं शेवटी तिथेच ठरतात. सिकंदराबादेतच लालागुड्याची निजामकाळापासूनची कार्यशाळा आहे. डबे मोठ्या दुरुस्तीला येतात, तेव्हा चाकांचे आस अल्ट्रासोनिकनं तपासले जातात. आस डब्याखाली झाकलेला असतो, त्यामुळे त्यातली भेग प्रवाशाला कधीच दिसणार नाही.

दुसरा संबंध कारखान्यांचा. सोलापूर किंवा जहीराबादकडून बसनं येताना शहराआधी रामचंद्रपुरमचा भेल कारखाना लागतो. तिथे वीजनिर्मितीची टर्बाइन तयार होतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला कंचनबागेत १९७३ मध्ये स्थापन झालेला मिश्र धातु निगम म्हणजे मिधानी, संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळा आणि क्षेपणास्त्रांवर काम करणारी डीआरडीएल. टर्बाइनचा दांडा किंवा क्षेपणास्त्राचं कवच फोडून बघता येत नाही आणि चालू असताना तडकलं तर चालत नाही. अशा ठिकाणी दहातला एक नग तपासून भागत नाही. प्रत्येक नग तपासावा लागतो आणि तो तपासूनही वापरण्याजोगा राहावा लागतो. एनडीटीची गरज इथूनच येते.

तिसरं नाव न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स, म्हणजे एनएफसी. १९७१ पासूनची ही संस्था देशातल्या अणुवीज केंद्रांसाठी इंधन तयार करते. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला आणि कर्नाटकातल्या कैगाला जाणारं इंधन इथूनच येतं. युरेनियमच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. जड पाण्याच्या अणुभट्टीसाठीच्या या नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या संचातल्या एका जुडग्यात अशा ३७ नळ्या असतात. नळ्या पाण्यात बुडवून अल्ट्रासोनिकनं तपासतात आणि गोळ्या भरून बंद केल्यावर हेलियम वायूनं गळती बघतात. रुळावर जे काम टाकीतलं पाणी करतं, तेच इथे हौदातलं पाणी करतं.

एकच औषध सगळ्या रोगांना नाही

अल्ट्रासोनिक ही एनडीटीमधली एक पद्धत. बाकीच्या थोडक्यात :

- डोळ्यांनी तपासणी : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायची. आरसा, भिंग, बॅटरी एवढंच लागतं.
- रंगद्रव्य चाचणी : लाल रंगाचं द्रव फासायचं, पुसायचं, वर पांढरी पूड मारायची. भेगेत शिरलेला रंग रेघ बनून वर येतो. वरपर्यंत उघडलेली भेगच कळते.
- चुंबकीय कण : लोखंड चुंबकीय करून वर बारीक कीस सोडतात. भेगेवर कीस गोळा होतो. तांब्या-अॅल्युमिनियमवर चालत नाही.
- भोवरा-प्रवाह : विजेच्या वेटोळ्यानं धातूत प्रवाह निर्माण करतात. पातळ नळ्यांना उपयोगी.
- किरणोत्सर्गी चित्रण : एक्स-रे किंवा इरिडियम-१९२ सारखा स्रोत वापरून धातूचा फोटो. वेल्डिंगमधले फुगे छान दिसतात, पण आडवी बारीक भेग निसटू शकते. आणि इथे माणसाच्या जिवाला धोका असतो.

गावातल्या पुलाला किंवा शाळेच्या स्लॅबलाही ध्वनिलहरींची चाचणी लागू होते. काँक्रीटच्या एका बाजूनं आवाज सोडून दुसरीकडे किती वेळात पोचला हे मोजतात. १९९२ च्या भारतीय मानकात सेकंदाला ४.५ किलोमीटरहून जास्त वेग असेल तर काँक्रीट उत्कृष्ट आणि ३ किलोमीटरहून कमी असेल तर शंकास्पद, असा तक्ता दिला होता. आता मानक सुधारलं आहे, पण तत्त्व तेच. ‘स्ट्रक्चरल ऑडिट झालं’ असं कुणी ग्रामसभेत सांगितलं, तर कोणत्या चाचण्या केल्या आणि वेग किती भरला, हे विचारायला हरकत नाही.

एनडीटीचा कोर्स करायला निघालेल्या पोरांसाठी

देगलूर, बिलोली, उदगीर, बीदर भागातली आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुलं हैदराबादला एनडीटीचा कोर्स विचारायला जातात. काम चांगलं आहे, मागणीही आहे. पण पैसे भरण्याआधी चार गोष्टी माहीत असाव्यात.

एक, पातळ्या तीन असतात. लेव्हल-१ वाला सांगितल्याप्रमाणे चाचणी करतो. लेव्हल-२ वाला यंत्र जुळवतो, निकाल लावतो, अहवालावर सही करतो. लेव्हल-३ वाला पद्धत ठरवतो आणि इतरांना शिकवतो.

दोन, ‘एसएनटी-टीसी-१ए’ या अमेरिकी पद्धतीत प्रमाणपत्राची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते. क्लासचा कागद म्हणजे शिक्षणाचा पुरावा, नोकरीची हमी नव्हे. वर्गातल्या तासांसोबत प्रत्यक्ष कामाचा अनुभवही मोजला जातो. ‘पंधरा दिवसांत लेव्हल-२, परदेशात नोकरी’ असं कुणी म्हणालं, तर अनुभव कुठे आणि कसा मिळणार, हे आधी विचारा. आयएसओ ९७१२ ही स्वतंत्र संस्थेमार्फत होणारी प्रमाणपत्र पद्धत वेगळी.

तीन, किरणोत्सर्गी स्रोत हाताळायचा असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागतं. त्याशिवाय कुणी स्रोताजवळ काम सांगितलं तर सरळ नाही म्हणा. रेल्वेच्या रूळ तपासणीसाठीही आरडीएसओच्या नियमांप्रमाणे वेगळं प्रशिक्षण आहे.

चार, डोळे. जवळचं नीट दिसतं का आणि रंग ओळखता येतात का, हे तपासूनच या कामावर घेतात. घरातून निघण्याआधीच ही तपासणी करून घ्या, म्हणजे फीचे पैसे पाण्यात जाणार नाहीत.

प्रवाशानं काय करायचं?

रुळाला तडा दिसला, जोड उघडा दिसला, गाडी गेल्यावर एखाद्या जागी वेगळाच दणका ऐकू आला, तर जवळच्या स्टेशन मास्तरला किंवा गेटमनला लगेच सांगा. रेल्वेची मदतवाहिनी १३९ आहे. जागा सांगताना कडेच्या खांबावरचा किलोमीटर क्रमांक सांगितला, तर शोधणाऱ्याचा वेळ वाचतो. मात्र बघायला म्हणून रुळावर उतरू नका.

पुढच्या वेळी हैदराबादच्या वाटेवर गाडी हळू झाली आणि खिडकीतून पाण्याची टाकी लावलेली ट्रॉली बाजूला घेऊन उभी असलेली चार माणसं दिसली, तर ती कशाला थांबली आहेत हे आता ठाऊक आहे. गाडी गेली की ती ट्रॉली पुन्हा रुळावर ठेवतील आणि पुढच्या स्टेशनपर्यंत चालत जातील.